शिकलेलेच जास्त बेकार? २९ टक्क्यांचा आकडा वाचायचा कसा

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी अकोल्याहून मामेभावाचा फोन आला. सायन्सला ६२ टक्के, नीटमध्ये जमलं नाही. "ताई, आता काय करू? बाबा म्हणते आयटीआय कर, आई म्हणते बी.एस्सी.ले टाक. तू त पीएच.डी.वाली, तूच सांग."

मी काही बोलायच्या आत मामानं फोन घेतला. मामा अकोल्यात एका दाल मिलमध्ये कामाला आहे. "तिले काय विचारतं? आपल्या गल्लीतले पोट्टे पाह्य. तीन बी.ए., एक एम.एस्सी., चारही घरीच. अन् न शिकलेला एकही रिकामा नाही. जो जास्त शिकला तो जास्त बेकार, असा हिशेब हाय बाई."

"तसं नसते मामा," म्हणून मी विषय संपवला. फोन ठेवल्यावर मात्र लाज वाटली. मी अमरावतीत संख्याशास्त्रात पीएच.डी. करते. मामाकडे निदान चार निरीक्षणं होती, माझ्याकडे एकही नव्हतं. नुसतं मत होतं.

हा लेख म्हणजे त्या फोनवर द्यायला हवं होतं ते उत्तर आहे. तुम्ही संशोधनाकडे वळायच्या तयारीत असाल तर तुमचा विषय रसायनशास्त्र असो की कीटकशास्त्र, या उत्तरात वापरलेली हत्यारं तुम्हाला लागणारच आहेत.

मामाचा आकडा खोटा नाही

मामाच्या गल्लीतला हिशेब देशाच्या आकडेवारीतही दिसतो. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांचा भारतातल्या रोजगारावरचा अहवाल आला. त्यात १५ ते २९ वयोगटाचे २०२२ सालचे आकडे असे होते:

- लिहिता-वाचता न येणारे: बेरोजगारी ३.४ टक्के
- माध्यमिक किंवा त्यापुढे शिकलेले: १८.४ टक्के
- पदवीधर: २९.१ टक्के

म्हणजे पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी जवळजवळ नऊ पट. बातम्या झाल्या, रील्स झाल्या. "डिग्री घेऊन काय फायदा" म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला.

आकडे बरोबर आहेत. प्रश्न असा की ते आकडे मामा म्हणतो तेच सांगतात का? संशोधनातला पहिला धडा इथेच शिकून घ्या. टक्केवारी दिसली की आधी छेद शोधायचा. कशाचे टक्के?

छेदात कोण, अंशात कोण

बेरोजगारीचा दर काढताना छेदात सगळे लोक नसतात. छेदात असते फक्त श्रमशक्ती, म्हणजे जे काम करतात आणि जे काम शोधतात किंवा कामाला तयार आहेत असे लोक. कॉलेजात शिकणारा त्यात नाही. घरकाम सांभाळणारी बाईही त्यात नाही.

माझी एक मैत्रीण एम.एस्सी. झाली, लग्न करून अकोटला गेली. दोन वर्षं अर्ज केले, मग सोडून दिलं. सरकारी सर्वेक्षणाचा माणूस तिच्या दारी गेला तर ती बेरोजगार म्हणून मोजली जाणार नाही. ती मोजणीच्या बाहेर आहे. उद्या तिनं पुन्हा अर्ज भरायला सुरुवात केली तर मात्र ती बेरोजगार ठरेल, आणि दर किंचित वाढेल. तिच्या परिस्थितीत तर सुधारणाच झालेली असेल! म्हणून "पदवीधरांपैकी २९ टक्के रिकामे" हे वाक्य चुकीचं आहे. बरोबर वाक्य असं: काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या पदवीधर तरुणांपैकी २९.१ टक्क्यांना काम मिळालेलं नव्हतं.

आता अंश बघू. 'काम आहे' असं कोणाला म्हणायचं? हे आकडे ज्या सर्वेक्षणातून येतात त्याला पीएलएफएस म्हणतात. ते २०१७ साली सुरू झालं. त्यात मोजणीच्या दोन पद्धती आहेत. एकीत गेल्या वर्षभराचा विचार होतो. दुसरीत गेल्या आठवड्याचा विचार होतो, आणि त्या आठवड्यात एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. दोन्ही पद्धतींत घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाराही रोजगारातच असतो.

आता मामाच्या गल्लीत या. न शिकलेला पोरगा कधी हमालीला जातो, कधी सोयाबीन काढायला, कधी कोणाच्या लग्नात वाढायला. तो 'रिकामा नाही' हे मामाचं म्हणणं खरं आहे. पण त्याच्या घरात दोन महिने बिनकामाचं बसायची सोयच नाही. मिळेल ते काम घेणं हा त्याचा नाइलाज आहे. शेजारचा बी.ए. झालेला पोरगा घरच्या आधारावर थांबू शकतो, 'बरी' नोकरी शोधू शकतो. म्हणून तो बेरोजगार म्हणून नोंदला जातो.

तेव्हा ३.४ आणि २९.१ हे दोन आकडे एकाच तराजूत टाकून शिक्षण तोट्याचं ठरवता येत नाही. पहिल्या आकड्यात गरिबी लपली आहे, दुसऱ्यात वाट पाहणं. मात्र इथे मामाची बाजूही लक्षात घ्या. वाट पाहणं फुकट नसतं. त्याचा हिशेब पुढे करूच.

वयाचा घोळ

आणखी एक गोष्ट. १५ ते २९ या गटातला न शिकलेला तरुण चौदा-पंधराव्या वर्षीच कामाला लागलेला असतो. पंचविशीत त्याच्या गाठीशी दहा वर्षांचा अनुभव असतो, ओळखी असतात. पदवीधर बाजारात येतो तोच एकवीस-बाविसाव्या वर्षी. म्हणजे आपण दहा वर्षं जुन्या कामगाराची तुलना नुकत्याच दारात आलेल्याशी करतो आहोत.

बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचा 'स्टेट ऑफ वर्किंग इंडिया' हा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात पीएलएफएसचीच २०२१-२२ ची माहिती वयानुसार मांडली आहे. पदवीधरांमधली बेरोजगारी अशी:

- २५ वर्षांखालील: ४२.३ टक्के
- २५ ते २९: २२.८ टक्के
- ३० ते ३४: ९.८ टक्के
- ३५ ते ३९: ४.५ टक्के

पस्तिशीपर्यंत पोचता पोचता प्रश्न जवळजवळ विरघळलेला दिसतो. मग आनंद मानायचा का? थोडं थांबा.

ही यादी एकाच माणसाची गोष्ट सांगत नाही. २०२१-२२ मध्ये जे पस्तीस वर्षांचे होते ते पंधरा वर्षांपूर्वी पदवीधर झालेले वेगळेच लोक. तेव्हाचा बाजार वेगळा, पदवीधरांची संख्या वेगळी. आजच्या बावीस वर्षांच्या मुलाचं पस्तिशीत असंच होईल, हे या यादीवरून सिद्ध होत नाही. दुसरं म्हणजे, त्या पस्तिशीतल्यांना मनासारखी नोकरी मिळाली, की एमपीएससीचं वय निघून गेल्यावर त्यांनी मिळेल ते पकडलं? नुसता बेरोजगारीचा दर हे सांगत नाही.

तुमच्या प्रयोगशाळेतही हेच होतं. वेगवेगळ्या वयाची दहा झाडं एकाच दिवशी मोजली, तर त्यावरून एका झाडाची वाढ कळल्यासारखी वाटते. खरी वाढ बघायची तर तेच झाड पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

उलट बाजूचा दावाही तपासा

मामीचं मत मामाच्या उलट. "शिकलेल्याले पगार जास्त भेटते." याही बाजूला आकडे आहेत. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून सॅखारोपोलस आणि पॅट्रिनोस यांनी २०१८ मध्ये काढलेली सरासरी अशी, की शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे कमाई साधारण ९ टक्क्यांनी जास्त असते.

हे ऐकून लगेच बी.एस्सी.चा फॉर्म भरायला धावू नका. अकोल्याच्या तोष्णीवाल लेआउटमध्ये चक्कर मारली असेल तर क्लासवाल्यांचे फ्लेक्स पाहिले असतील. हसरे चेहरे, खाली मार्क. ज्यांचं जमलं नाही त्यांचा फ्लेक्स कोणी लावत नाही. पदवीधरांचा सरासरी पगार हाही एक प्रकारचा फ्लेक्सच आहे. बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन दुसऱ्या वर्षात सोडून दिलेला त्या सरासरीत नसतो. त्याची वर्षं आणि फी मात्र गेलेली असते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. जे पुढे शिकले ते आधीपासूनच वेगळे असू शकतात. घरची परिस्थिती बरी, वडील शिकलेले, गावात ओळख, अभ्यासात गती. ते शिकले नसते तरी कदाचित जास्तच कमावते. मग पगारातला फरक शिक्षणाचा की घराचा? संशोधनात याला निवडीचा दोष म्हणतात.

खरी तुलना करायची तर माझ्या मामेभावाची तुलना त्याच्याशीच व्हायला हवी. एक मामेभाऊ बी.एस्सी. केलेला, दुसरा तोच, पण आयटीआय केलेला. दहा वर्षांनी दोघांना समोरासमोर बसवायचं. हे कधीच शक्य नाही. दोनपैकी एकच आयुष्य घडतं, दुसरं न घडलेलं राहतं. अशा प्रश्नांवरचं सगळं संशोधन म्हणजे त्या न घडलेल्या आयुष्याच्या जागी कोणाला उभं करायचं, याचा प्रामाणिक शोध.

न घडलेलं आयुष्य शोधायचं कसं

औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना औषध देता येतं. बारावी झालेल्या पोरांना चिठ्ठी टाकून "तू कॉलेजात जा, तू कामाला लाग" असं सांगता येत नाही. मग संशोधक अशा जागा शोधतात जिथे परिस्थितीनंच चिठ्ठी टाकली आहे. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. तीन उदाहरणं बघा.

पहिलं, जन्माचा महिना. अमेरिकेत ठरावीक वाढदिवसापर्यंत शाळा सक्तीची होती. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं शाळेत जरा मोठ्या वयात दाखल होत, त्यामुळे थोडं कमी शिकूनच त्यांना शाळा सोडता येई. जन्माचा महिना हुशारी बघून येत नाही. अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी १९९१ मध्ये याचा उपयोग करून शिक्षणाचा परिणाम मोजला. पुढे १९९५ मध्ये इतर संशोधकांनी दाखवलं की जन्माचा महिना आणि शिक्षण यांचा संबंध इतका अशक्त आहे की त्यावर काढलेला निष्कर्ष डळमळतो. दोन्ही पेपर एकापाठोपाठ वाचा. चांगली कल्पना आणि तिची चांगली तपासणी, दोन्ही एकत्र शिकायला मिळतील.

दुसरं, कॉलेजचं अंतर. डेव्हिड कार्ड यांनी अमेरिकेतल्या अशा मुलांची तुलना केली, ज्यांच्या घराजवळ कॉलेज होतं आणि ज्यांच्या नव्हतं. कॉलेज जवळ असलेली मुलं जास्त शिकली आणि जास्त कमावू लागली. हा फरक ज्यांचे आईवडील कमी शिकलेले होते त्यांच्यात ठळक होता. शिक्षणाचा परिणाम साध्या तुलनेत दिसतो त्याहून मोठाच निघाला. कार्ड, अँग्रिस्ट आणि इम्बेन्स या तिघांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कामगार-अर्थशास्त्रातलं काम आणि नैसर्गिक प्रयोगांतून कारण-परिणाम काढायच्या पद्धती, यासाठी.

ही कल्पना आपल्या वऱ्हाडात आणून बघा. १८९८ साली पापळला जन्मलेले पंजाबराव देशमुख मॅट्रिकनंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं १९२३ साली. आज आपण त्याला व्हीएमव्ही म्हणून ओळखतो, म्हणजेच शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. समजा १९२३ च्या थोडं आधी आणि थोडं नंतर मॅट्रिक झालेल्यांची माहिती मिळाली, तर कॉलेज जवळ आल्यानं किती जण शिकले आणि त्यांचं पुढे काय झालं हे मोजता येईल का? छान प्रकल्प वाटतो. पण लगेच विचारा, कॉलेज अमरावतीतच का निघालं? अमरावती ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. पैसा आणि कचेऱ्या तिथे आधीच होत्या. मग फरक कॉलेजमुळे पडला की कापसामुळे? 'चिठ्ठी खरंच आंधळी होती का' हा प्रश्न प्रत्येक नैसर्गिक प्रयोगाला विचारावाच लागतो.

तिसरं, शाळांचं बांधकाम. इंडोनेशियात १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. काही भागांत जास्त, काही भागांत कमी. एस्थर डुफ्लो यांनी २००१ मध्ये त्या आधारावर एका जादा वर्षाचा परिणाम ६.८ ते १०.६ टक्के असा काढला.

अमेरिका, इंडोनेशिया, पद्धती वेगवेगळ्या. तरी दिशा एकच दिसते, शिक्षणामुळे कमाई सरासरीनं वाढते. मामीचं पारडं जड झालं. फक्त 'सरासरीनं' हा शब्द विसरू नका. डुफ्लोंचा अभ्यास प्राथमिक शाळांचा आहे. त्यातलं एक वर्ष आणि अकोल्यात केलेलं बी.एस्सी.चं एक वर्ष ही एकच वस्तू नाही.

कौशल्य की कागद?

शिक्षणानं कमाई का वाढते, यावर दोन मतं आहेत. गॅरी बेकर यांच्या १९६४ च्या 'ह्यूमन कॅपिटल' या पुस्तकामागचा विचार असा, की शिक्षणानं माणसाची क्षमता वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी बाजू मांडली. पदवी हा मालकासाठी इशारा असतो. हा माणूस टिकाऊ आहे, एवढं त्यातून कळतं, मग आत काही शिकला असो की नसो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. त्यातलं महिन्याचं विद्यावेतन असं: बारावी झालेल्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधर आणि पदव्युत्तराला १०,०००. कामाला बसायच्या आधीच, नुसत्या कागदावर फरक ठरला. आणि इथे पदवीधर व पदव्युत्तर यांच्यात फरक नाही, हेही बघून ठेवा.

भरतीचंही तसंच. पोलीस शिपायाला बारावी चालते, राज्यसेवेला पदवी लागते. पदवीचं अडीच वर्षांचं शिक्षण राज्यसेवेसाठी शून्य आणि तीन वर्षांचं शंभर. म्हणून प्रवेश घ्यायचा की नाही याच्या इतकाच, पूर्ण होईल की नाही हा प्रश्न मोठा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. पण त्या कागदाला अकोल्याच्या बाजारात किती किंमत आहे, हे आधी विचारून घ्यावं.

आता मामेभावाचा हिशेब

खालचे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, ते घालून बघा.

समजा तो आजच मोबाइलच्या दुकानात ९,००० रुपये महिन्यानं लागू शकतो. बी.एस्सी. केली तर तीन वर्षांची ही कमाई बुडेल: ३,२४,००० रुपये. फी, पुस्तकं, येणंजाणं मिळून वर्षाला ४०,००० धरू, म्हणजे १,२०,०००. एकूण ४,४४,०००. घरात चर्चा फक्त फीची होते. बुडालेली कमाई फीच्या जवळजवळ तिप्पट आहे, ती कोणी बोलत नाही.

पदवीनं महिन्याला ३,००० जास्त मिळाले, तर हा खर्च भरून यायला बारा वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. ६,००० जास्त मिळाले तर सहा वर्षं आणि थोडे दिवस.

आता अमरावतीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको अशी गोष्ट. पदवीनंतर अनेक जण अभ्यासिकेत बसतात. एक वर्ष बसलं की आणखी १,०८,००० बुडतात, म्हणजे जवळपास तीन वर्षांच्या सगळ्या फीएवढे. ३,००० च्या फरकानं वसुली पंधरा वर्षांवर जाते. दोन वर्षं बसलं तर अठरा वर्षांवर. मामाला गल्लीत जे दिसलं ते शिक्षणाचं नुकसान नव्हतं, वाट पाहण्याचं होतं. तिथे त्याची नजर बरोबर होती.

हा हिशेब कच्चा आहे. दुकानातल्या पोराचाही पगार वाढेल, महागाई वाढेल, काही जणांना अभ्यासिकेतूनच नोकरी लागेल. पण कच्चा हिशेबसुद्धा एक काम करतो. कोणता आकडा बदलला की उत्तर बदलतं, ते दाखवतो. इथे तो आकडा फीचा नाही, थांबण्याच्या वर्षांचा आहे.

माझ्या घरातला हिशेब

मामानं फोनवर शेवटी एक वाक्य टाकलं होतं. "तुह्या भावानं आयटीआय केलं, त्याचं दुकान हाय. तू अजून शिकूनच राह्यली."

माझा मोठा भाऊ चांदूर बाजारला मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. संत्र्याचा पट्टा, बोअर खोल, उन्हाळ्यात मोटरी जळतात, काम भरपूर. त्याला बारावीत माझ्याहून जास्त मार्क होते. त्या वर्षी कापूस गेला, बाबांवर उधारी झाली, आणि तो आयटीआयला गेला. कोणी त्याला बस म्हणून सांगितलं नाही. त्यानंच फॉर्म आणला.

मामाची तुलना सोपी आहे. दोन भावंडं, घर एक, आईबाप तेच. निवडीचा दोषही नाही. संशोधक जुळ्या भावंडांची तुलना याच कारणानं करतात. पण या तुलनेत एक मोठी गफलत आहे. माझी एम.एस्सी.ची दोन वर्षं त्याच्या दुकानावर झाली. अमरावतीतल्या खोलीचं भाडं तो दर महिन्याला पाठवत होता. तो कामाला लागला नसता तर मी इथे नसते. म्हणजे आमची दोघांची आयुष्यं वेगवेगळी निरीक्षणं नाहीतच, एकाचा निर्णय दुसऱ्याच्या निकालात मिसळलेला आहे. संख्याशास्त्रात आपण गृहीत धरतो की एकाला दिलेल्या औषधाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. घरात हे गृहीतक पहिल्याच दिवशी मोडतं.

'माझ्या शिक्षणाचा फायदा' मोजताना त्याचे ते महिने कोणत्या रकान्यात टाकायचे, हे मला अजून जमलेलं नाही. माझी फेलोशिप सुरू झाल्यावर मी पैसे परत पाठवले, त्यानं घेतले नाहीत.

मग मी काय सांगितलं

दोन दिवसांनी मी मामेभावाला फोन केला आणि तीन गोष्टी सांगितल्या.

एक, हा फाटा कायमचा नाही. दोन वर्षांचा आयटीआय केला, अटी पूर्ण केल्या, तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. काम करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. कोणती वाट पुढे किती दारं उघडी ठेवते, तेही मोज.

दोन, थांबायची मुदत आधी ठरव. पदवीनंतर अभ्यासिकेत किती वर्षं, हे आज लिहून ठेव. तेव्हा ठरवू म्हटलं की ठरत नाही.

तीन, स्वतः माहिती गोळा कर. त्यानं लगेच पाच वर्षांपूर्वीच्या बारावीच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप शोधला. मी थांबवलं. ग्रुपवर ज्यांचं बरं चाललंय तेच बोलतात. शाळेतून त्या वर्षीचा हजेरीपट बघ, आणि प्रत्येक पाचव्या रोल नंबरला गाठ. साठ मुलांतून बारा नावं निघाली. तीन आठवड्यांत नऊ जण भेटले. दोघांची बी.एस्सी. पूर्ण, दोघांची अर्धवट. दोघं आयटीआयवाले, त्यातला एक चाकणला कंत्राटी कामावर. बाकी तिघं बारावीनंतर थेट कामाला लागलेले.

नऊ जणांवरून काही सिद्ध होत नाही, हे त्यालाही सांगितलं. तरी त्यानं एक प्रश्न विचारला, आणि तो ऐकून मला पीएच.डी.चा गाइड आठवला. "ताई, ते तिघं भेटलेच नाही, त्याइचं काय धरू?" न सापडलेले तिघं सहज गळालेले नसतात. कोणी गाव सोडलं असेल, कोणाला भेटायची लाज वाटत असेल, कोणी इतकं पुढे गेलं असेल की जुना नंबरच बंद. त्यांना सोडून काढलेलं उत्तर कोणत्या बाजूला झुकेल, हे ठरवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्यानं इलेक्ट्रिशियन ट्रेडचा फॉर्म भरला. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी मुक्त विद्यापीठाचं बघू म्हणतो. निर्णय बरोबर की चूक, हे कळणार नाही, कारण बी.एस्सी.वालं त्याचं आयुष्य आता घडणार नाही. मामी थोडी नाराज आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुम्ही एम.एस्सी.नंतर नोकरी की पीएच.डी. या फाट्यावर उभे असाल, तर हेच चार प्रश्न कागदावर लिहा:

१. मी ज्यांच्याकडे बघून ठरवतोय किंवा ठरवतेय, ते सगळे आहेत की फक्त फ्लेक्सवरचे?
२. माझ्या विभागात पाच-सहा वर्षांपूर्वी नोंदणी केलेले सगळे संशोधक आज कुठे आहेत? पूर्ण केलेले नव्हे, नोंदणी केलेले.
३. बुडणारी कमाई किती, आणि ती माझ्याऐवजी घरात कोण भरून काढणार आहे?
४. किती वर्षांनंतर मी थांबेन?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना काही नावं सापडणार नाहीत. ती खोडू नका, शेजारी रिकामी जागा ठेवा.